वस्तीतल्या घरातलं कुत्रं, मांजर: कमी पैशांत उपचार कसे मिळवून द्यायचे

पावसाळा नुकताच लागला होता. गोवंडीच्या एका गल्लीत एका मुलाने मला हाक मारून थांबवलं. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं तीन महिन्यांचं पिल्लू होतं. चार दिवस उलट्या, दोन दिवस रक्ताची हगवण. पहिल्या दिवशी घरच्यांनी मेडिकलमधून माणसांची जुलाबाची गोळी आणली. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाने येऊन एक सुई टोचली आणि पैसे घेऊन गेला. चौथ्या दिवशी खासगी दवाखान्यात सलाईन लावलं, त्यात आईचा आठवड्याचा पगार गेला. पिल्लू त्याच रात्री गेलं.

या घराने चार दिवसांत जेवढे पैसे घातले, तेवढ्यात त्या पिल्लाचे लशीचे सगळे डोस झाले असते. गरीब घरं जनावरांवर खर्च करत नाहीत, हे मी अनेकदा ऐकलंय आणि ते खरं नाही. खर्च होतो, पण उशिरा होतो आणि चुकीच्या दारात होतो. तो वेळेवर आणि योग्य दारात कसा व्हावा, एवढ्यासाठी हा लेख आहे. तो वस्तीत राहणाऱ्या तरुणांसाठी, मंडळांसाठी, बचत गटातल्या बायकांसाठी आहे. कामवाल्या मावशींच्या कुत्र्याला ताप आला की ज्यांना फोन येतो, त्यांच्यासाठीही आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. "परवडत नाही तर पाळता कशाला?" हे वाक्य या कामात एकदाही तोंडातून जाता कामा नये. ज्याने ते एकदा ऐकलं तो पुढच्या वेळी जनावर लपवतो, दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि मग गल्लीत लस न झालेलं एक कुत्रं वाढतं. शिवाय दहा बाय दहाच्या खोलीत शाळेतून परतलेलं पोर ज्याच्या गळ्यात पडतं, ते कुत्रं त्या घराला नको होतं असं ठरवणारे आपण कोण?

पहिली पायरी: वही

शिबिर, पैसे, डॉक्टर हे सगळं नंतर. आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि गल्ल्या फिरा. पाळणाऱ्याचं नाव, खोली, जनावर कोणतं, नर की मादी, अंदाजे वय, रेबीजची लस कधी झाली, नसबंदी झाली का, आत्ता काही दुखणं आहे का. बस, एवढंच. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ बरी, घरात माणसं भेटतात.

फिरताना एक प्रश्न वारंवार येईल: "ते आमचं नाही, पण आमच्याकडेच जेवतं." अशांची वेगळी यादी करा, कारण कायद्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी, आणि पाळलेल्या कुत्र्याची ती मालकाची. म्हणजे दारात जेवणाऱ्या पण रस्त्यावर राहणाऱ्या कुत्रीसाठी महापालिकेकडे रीतसर विनंती करता येते, आणि तिच्यासाठी घराचे पैसे जात नाहीत.

बकऱ्या, कोंबड्या दिसल्या तर त्याही लिहा. त्यांच्यासाठी सरकारी दवाखान्याचं दार कुत्र्यापेक्षा लवकर उघडतं, कारण तेच त्यांचं मूळ काम आहे.

दुसरी पायरी: आपल्या भागातली दारं

जनावर आजारी पडल्यावर दवाखाना शोधायचा नसतो. तो आधी शोधून, एकदा स्वतः जाऊन, वेळ आणि दर वहीत उतरवून ठेवायचा असतो.

मुंबईत सगळ्यांत जुनं दार परळचं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल हे नाव सांगितलं तर टॅक्सीवाला विचारात पडतो, "बैलघोडा" म्हटलं की थेट गेटवर सोडतो. त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महाराष्ट्रात नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही अशी महाविद्यालयं आहेत. त्यांच्या चिकित्सालयात शिकणारे विद्यार्थी आणि त्यांच्यामागे उभे अनुभवी प्राध्यापक असतात. वेळ जास्त लागतो, पण तपासणी बारकाईने होते आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी. एक दिवसाची मजुरी बुडेल हे घराला आधीच सांगा, नाहीतर अर्ध्या रांगेतून माणूस निघून जातो.

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, तालुक्याला लघु सर्वचिकित्सालय, आणि गावोगावी जिल्हा परिषदेचे दवाखाने. या दवाखान्यांत श्रेणी १ आणि श्रेणी २ असा फरक आहे. श्रेणी १ मध्ये पशुवैद्यक असतात, श्रेणी २ पशुधन पर्यवेक्षक सांभाळतात. पाटीवर श्रेणी वाचा. प्रथमोपचाराला श्रेणी २ चालेल, शस्त्रक्रियेसाठी तिथे दिवस घालवू नका. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक मुख्यतः शेतकऱ्यांच्या गुराढोरांसाठी आहे. तुमच्या भागात कुत्र्या-मांजरासाठी गाडी येते का, हे एकदा फोन करून विचारा आणि उत्तर वहीत लिहा.

शिवाय जवळचे दोन-तीन खासगी डॉक्टर गाठा. दुपारी, गर्दी नसताना जा. "महिन्याला वस्तीतली चार-पाच जनावरं पाठवू, चिठ्ठी देऊन पाठवू, तुम्ही काय दर लावाल?" असं सरळ विचारा. माझा अनुभव असा की फुकट मागितलं की दार बंद होतं, ठरलेला कमी दर मागितला की बहुतेकदा उघडतं.

तिसरी पायरी: रेबीजची लस, बाकी सगळ्याच्या आधी

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते इथे घाला. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस काय, कुत्रं काय, वाचत नाही. गोव्यात वर्षानुवर्षं पथकं गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस देत राहिली, आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. हिशेब साधा आहे: वस्तीतल्या दहापैकी किमान सात कुत्र्यांना लस असली की रोगाची साखळी तुटते. तुमच्या वहीतून हा आकडा काढता येतो, म्हणून आधी वही.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील त्या तारखेला पुढची, आणि नंतर दर वर्षी. मांजरालाही हवी. ६ जुलैचा जागतिक प्राणिजन्य रोग दिन आणि २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन, या सुमारास बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरण होतं. महिनाभर आधी दवाखान्यात जाऊन "आमच्या वस्तीत या" असं लेखी पत्र द्या आणि सोबत वहीतला आकडा जोडा. नुसती विनंती मागे पडते, "एकशे चाळीस कुत्री, बावीस मांजरं" हे वाचल्यावर लोक हलतात.

शिबिर भरवताना या गोष्टी सांभाळा:

- लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. बर्फाच्या डब्यात ठेवा, पण बाटली थेट बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलेली लसही वाया जाते. कुणी खिशातून काढलेल्या बाटलीतून टोचत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.
- टोचणारे नोंदणीकृत पशुवैद्यक, किंवा त्यांच्या देखरेखीखालचे लोक. ओळखीचा कंपाउंडर नको.
- वेळ सकाळची. पत्र्याच्या घरांमधल्या मोकळ्या जागेत अकरानंतर उभं राहवत नाही, कुत्री धापा टाकतात आणि भांडतात.
- प्रत्येक कुत्रं दोरीने किंवा पट्ट्याने धरलेलं, धरणारा मोठा माणूस. मुलांना कौतुकाने रांगेत उभं करू नका.
- मांजर उशीच्या अभ्र्यात घालून आणायला सांगा. तोंड बाहेर ठेवायची गरज नाही, आत श्वास नीट घेता येतो आणि ते शांत राहतं.
- प्रत्येकाला कार्ड, त्यावर तारीख, लशीच्या बाटलीवरचं लेबल, डॉक्टरांची सही. हे कार्ड हरवतं, म्हणून वहीतही नोंद.

धरपकड करणाऱ्या स्वयंसेवकांनी स्वतः आधीच रेबीजची प्रतिबंधक लस घेतलेली असावी.

आणि कुणाला चावलंच तर? साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं, घड्याळ लावून. तिखट, चुना, हळद काहीही भरायचं नाही. लगेच महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात, तिथे लस मोफत असते. सगळ्या तारखा पाळायच्या. घरातलं पिल्लू खेळताना चावलं तर लोक हसून सोडून देतात, मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटते. लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. चावलेलं कुत्रं मारू नका, हाकलू नका. बांधून, खाऊपिऊ घालून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा.

पिल्लांसाठी दुसरी महत्त्वाची लस पार्व्हो (रक्ताची हगवण लावणारा) आणि डिस्टेंपर (ताप, झटके आणणारा) या विषाणूंवरची. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. मुंबईसारख्या तुंबणाऱ्या शहरात लेप्टोचाही विचार करा, उंदरांच्या मुतातून तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही. पावसाळ्यात तापलेल्या, पिवळ्या पडलेल्या कुत्र्याचं मूत उघड्या हाताने पुसू नये.

जंत, गोचीड, खरूज

इथे पैसा सर्वांत कमी लागतो आणि नुकसान सर्वांत जास्त होतं, कारण घरगुती उपाय जिवावर बेततात. गॅरेजमधलं जळकं ऑइल खरजेवर चोपडलेलं मी किती कुत्र्यांवर पाहिलंय, मोजत नाही. कुत्रं ते चाटतं, आणि विष पोटात जातं. रॉकेल, फिनेल, डिझेल, सगळं तसंच. फिनेल मांजराला तर फारच घातक.

जंताचं औषध पिल्लांना दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर असते, म्हणून वजन करा. भंगारवाल्याचा काटा त्याला सर्वांत उत्तम, तो कधी नाही म्हणत नाही. नाहीतर कुत्र्याला उचलून माणसाने काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं.

गोचिडांमुळे होणारा ताप वस्तीत सर्रास आढळतो. कुत्रं खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेवर आणलं तर औषधं महाग नाहीत. गोचीड हातांनी चिरडू नका, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. भिंतीच्या फटी, पलंगाचे पाय, दाराजवळचं पोतं इथेही ते लपतात, तिथे झाडून गरम पाणी घातल्याशिवाय औषध पुरं पडत नाही. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिन हे जंत-खरजेचं औषध अंदाजाने टोचू नका. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला मारतं.

नसबंदी

मादी साधारण सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते आणि गाभण राहिली की सुमारे ६३ दिवसांत विते. पहिल्या वेतात पाच-सहा पिल्लं झाली की ती कुठे जातात, हे वस्तीतल्या कुणालाही विचारा. शिवाय नसबंदी न झालेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो. तसं झालं की ती खूप पाणी पिते, खात नाही, कधी घाण स्राव येतो, कधी काहीच येत नाही. मग तातडीची शस्त्रक्रिया, आणि ती नसबंदीच्या कित्येक पट महाग.

घरच्यांची भीती खरी असते: "मरेल," "आळशी होईल," "एकदा तरी पिल्लं होऊ द्या." वाद घालत बसू नका. ज्या घरच्या कुत्रीची नसबंदी झाली आहे त्या घरी घेऊन जा, दोन बायका आपसांत बोलल्या की काम होतं. शस्त्रक्रियेनंतर दहाएक दिवस टाके कोरडे राहायला हवेत आणि तिने ते चाटू नयेत. चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा शंकू विकत घ्यायची गरज नाही, जुन्या टीशर्टला चार पायांची भोकं पाडून पाठीवर गाठ मारा. खोलीत जागा नसेल तर ते दिवस कुणाकडे ठेवता येईल, हे तारीख घेण्याआधी ठरवा.

काय थांबू शकतं, काय नाही

हा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून मंडळाच्या फलकावर लावा. ताबडतोब न्यायचं, रात्र असली तरी:

- पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण
- बोका वारंवार मुतायला बसतो, पण थेंब पडत नाही (एक-दोन दिवसांत जीव जातो)
- उंदराचं विष खाल्लंय किंवा खाल्ल्याचा संशय आहे (पाकीट सोबत न्या)
- साप चावला, गाडीखाली आलं, श्वास लागला, झटके येतायत
- पोट एकाएकी फुगलं
- मादी वितेय, तासभर कळा देतेय आणि पिल्लू येत नाही
- एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बांधलेलं कुत्रं जोरात धापतंय, लाळ गळतेय, लटपटतंय

शेवटच्या प्रकारात नेण्याआधीच अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला, मग निघा. बर्फ नको.

एखाद-दुसरी उलटी झाली पण कुत्रं खेळतंय, किंचित लंगडतंय, कान खाजवतंय, एवढ्याने रात्री धावायची गरज नाही, सकाळी दाखवा. पण जखमेत अळ्या दिसल्या तर "सकाळी" म्हणजे उद्याचीच सकाळ. त्या आतून पोखरत जातात. तोवर जखम स्वच्छ कापडाने झाका, म्हणजे माश्या नव्याने बसणार नाहीत. पेट्रोल ओतू नका.

एक आजार वेगळा सांगायला हवा. कुत्र्याच्या मुताच्या जागी फुलकोबीसारखी गाठ येते, रक्त टपकतं. लोक "कॅन्सर" हा शब्द ऐकतात आणि कुत्र्याला दूर सोडून येतात. कुत्र्याकडून कुत्र्याला होणारी ही गाठ बहुतेकदा आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी पूर्ण बरी होते. एवढं कळलं म्हणून कितीतरी कुत्री घरी राहिली.

डॉक्टरांशी पैशांचं बोलणं

हे सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाचं. गरीब माणूस दवाखान्यात लाजतो. डॉक्टर पाच तपासण्या लिहितात, तो मान डोलावतो, बाहेर येतो आणि एकही करत नाही. डॉक्टरांना वाटतं उपचार चाललेत.

सोबत जा आणि तपासणीआधीच सांगा: "डॉक्टर, आज जवळ आठशे रुपये आहेत. पुढच्या आठवड्यात पाचशे होतील. यात सगळ्यांत जास्त फरक कशाने पडेल?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागवत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. रक्ताची एकच तपासणी करायची तर कोणती, तपासणी न करता संशयावर औषध सुरू करता येईल का, भरती न करता रोज सलाईन लावून घरी नेता येईल का, टाक्यांच्या जागी मलमपट्टी चालेल का. प्रत्येक आजाराला एकच एक महागडी वाट नसते. मात्र कमी खर्चाच्या वाटेत धोका किती वाढतो, हेही विचारा आणि घरच्यांना समजेल अशा शब्दांत तिथेच सांगा.

औषध मूळ नावाने लिहून मागा. काही औषधं माणसांची आणि जनावरांची एकच असतात, आणि डॉक्टरांनी लिहून दिली तर जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. पण डॉक्टरांनी लिहून दिली तरच. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात घात करतात. "ताप आहे, अर्धी गोळी देऊ?" याचं उत्तर कायम नाही.

नेणं आणि घरी औषध देणं

उपचार स्वस्त असतो, प्रवास महाग. गोवंडीहून परळला जायचं तर रिक्षा शीवपर्यंतच, पुढे टॅक्सी, आणि दोघेही कुत्रं पाहून मान फिरवतात. वस्तीतल्याच दोन रिक्षावाल्यांशी आणि एका टेम्पोवाल्याशी आधी बोलून ठेवा. सीटवर घालायला जुनं फ्लेक्स ठेवा, रिक्षा घाण होणार नाही म्हटलं की अर्ध्या अडचणी संपतात.

दुखणारं कुत्रं आपल्या माणसालाही चावतं. रुंद बँडेजची पट्टी नाकाडावर फास घालून, हनुवटीखाली फिरवून कानांमागे बांधा. उलट्या होत असतील किंवा धाप लागली असेल तर मात्र तोंड बांधू नका. मांजराला झाकणाच्या टोपलीत किंवा भाजीच्या दोन क्रेट एकमेकांवर बांधून न्या.

घरी औषध कोण देणार, हे नावाने ठरवा. आई सहाला कामावर जाते, वडील रात्रपाळीला, मग दुपारची गोळी राहतेच. दिवसातून एकदाच द्यायचं औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. ज्या घरात वाचता येत नाही तिथे पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा. तिसऱ्या दिवशी कुत्रं खायला लागलं की औषध बंद होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी तुम्ही दारात असा.

पैसा

मोठी देणगी शोधत बसण्यापेक्षा वीस घरांनी महिन्याला वीस-वीस रुपये काढणं टिकतं. बचत गट असेल तर त्याच वहीत वेगळं पान. निधीतून पूर्ण खर्च देऊ नका, घराने जमेल तेवढं आधी घालावं, मग दहा रुपये का असेनात. त्याने माणूस हक्काने प्रश्न विचारतो, मिंधा राहत नाही. बिलाचा फोटो गटात टाका. आजारी जनावराचा फोटो टाकताना घरातली माणसं, खोली, दारूची बाटली काही दिसू देऊ नका. मदतीच्या बदल्यात कुणाची गरिबी दाखवायची नसते.

वाचत नसेल तेव्हा

कधी डॉक्टर सांगतात की आता त्रासच उरलाय. वेदना न होता झोपवणं हा उपचारच आहे, पण तो निर्णय घरचा. घाई करू नका, मुलांना खोटं सांगू नका. मेलेलं जनावर कुठे न्यायचं, महापालिकेची गाडी कोणत्या क्रमांकावर मिळते, हे आधीच वहीत हवं. नाहीतर रात्री बाराला ते नाल्यात जातं.

पार्व्होने पिल्लू गेलं असेल तर त्या खोलीत विषाणू कित्येक महिने राहतो. लादी साबणाने धुऊन, मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटं ओली ठेवा. पिल्लाचं अंथरूण, पट्टा, वाटी फेकून द्या. मातीची जमीन अशी धुतली जात नाही. तिथे लशीचे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू आणायचंच नाही.

टॉवेलवाल्या त्या मुलाला आठवड्याभरातच दुसरं पिल्लू मिळत होतं. त्याच्या आईने मला विचारलं, आम्ही थांबायला सांगितलं. दिवाळीनंतर त्यांनी शेजारच्या गल्लीतली एक वर्षाची, लस आणि नसबंदी झालेली कुत्री घरी आणली. तिचं कार्ड त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या मागे ठेवलंय, आणि पुढच्या लशीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलीय.